ऑर्गनचे सूर आणि साथीचे मानकरी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या शुभदिनी मला ह्या जागेवरून बोलायला सांगितलेत, हा आपला लोभ. आजवर इथे पुष्कळ उपयोगी विषयांवर व्याख्याने झाली. कोकमाचे आगळ वर्षभर कसे टिकवावे, लहान मुलांचे आजार, बचतगटाचा हिशेब, असे सगळे आपण ऐकले. माझे शिक्षण इयत्ता सातवीपर्यंत, तेव्हा विद्वत्तेचे बोलणे माझ्याकडून व्हायचे नाही. पण विषय निवडायची मोकळीक दिलीत म्हणून मी माझ्या आवडीचा विषय घेतला. तो ऐकून आपल्या चिटणीसबाई जरा हसल्याच. ख्रिस्ती देवळातला ऑर्गन आणि तो वाजवणाऱ्यांची कला! मिठबावात गजबादेवीच्या पायाशी राहणाऱ्या बायकांना त्याचे काय, असे त्यांच्या मनात आले असणार. त्यांचा प्रश्न रास्त आहे, आणि मी त्याचेच उत्तर द्यायला उभी आहे. थोडे दूरचे बोलेन, पण शेवटी आपल्याच पडवीत येऊन पोचेन.

लग्नानंतर सहा वर्षे आम्ही मुंबईस होतो. आमच्या शेजारच्या खोलीत वसईकडची एक ख्रिस्ती बाई राहत असे. तिचे बोलणे मराठी, तिची प्रार्थनाही मराठी. मला आपले वाटायचे की ख्रिस्ती लोकांची उपासना इंग्रजीतच चालते. ती म्हणाली, पूर्वी आमच्यात लॅटिन चाले, ते कोणाला कळत नसे. १९६२ ते १९६५ ह्या काळात रोमला आमच्या धर्मगुरूंची मोठी परिषद भरली, तेव्हापासून आपापल्या भाषेत प्रार्थना म्हणायची मोकळीक झाली. एका नाताळात ती मला मध्यरात्रीच्या प्रार्थनेला आपल्या माहेरच्या गावी घेऊन गेली. देऊळ माणसांनी भरलेले, बायका ठेवणीतली लुगडी नेसलेल्या. ऑर्गन वाजवणारी मुलगी वीसबावीस वर्षांची असेल. ती मागच्या बाजूला माडीवर बसली होती, वेदीकडे पाठ करून. धर्मगुरू काय करतात हे दिसावे म्हणून तिने समोर एक छोटा आरसा टांगला होता, आपण कुंकू लावायला घेतो तेवढा.

तिथला ऑर्गन विजेवरचा होता, फार जुना किंवा नामांकित नव्हता. मला त्या वाद्याचे नवल वाटले नाही, त्या मुलीच्या हातांचे वाटले. गाण्याची एक ओळ संपली की ती हात अलगद उचलायची, क्षणभरच, आणि तेवढ्यात सारे देऊळ श्वास घ्यायचे. तिचे हात पुन्हा खाली आले की पाचपन्नास नव्हेत, शेकडो माणसे एकदम पुढची ओळ धरायची. त्यांत म्हाताऱ्या होत्या, रडणारी पोरे सांभाळणाऱ्या आया होत्या, बेसूर गाणारेही होते. तिने कोणाला मागे टाकले नाही. आपण आरतीला उभे राहतो तेव्हा काय होते ते तुम्हाला ठाऊक आहे. टाळ एकीकडे धावतात, झांजा दुसरीकडे, आणि 'दर्शनमात्रे' म्हणेपर्यंत निम्मे लोक पुढच्या कडव्यात पोचलेले असतात.

तेव्हापासून मला ह्या वाद्याचा नाद लागला. मिळेल ते वाचले, पुतण्याकडून मोबाइलवर ऐकून घेतले. आता हे वाद्य चालते कसे, ते सांगते.

चुलीची फुंकणी आपण सगळ्यांनी हातात धरली आहे. फुंकताना ती ओठाशी जरा तिरपी झाली की 'हूं' असा सूर निघतो. फुंकणी लांब असेल तर सूर जाड, आखूड असेल तर बारीक. ऑर्गन म्हणजे अशा शेकडो, हजारो फुंकण्या एका लाकडी पेटाऱ्यावर उभ्या केलेल्या. काही लाकडाच्या, काही धातूच्या. मोठ्या ऑर्गनात सर्वांत मोठी नळी ३२ फूट, म्हणजे दोन माड्यांच्या घराहून उंच, आणि सर्वांत लहान नळी पेन्सिलीएवढी. खाली लोहाराच्या भात्यासारखे मोठे भाते. पट्टी दाबली की त्या नळीचे दार उघडते आणि वारा आत शिरतो. पट्टी सोडली की दार मिटते. हाताच्या पट्ट्यांच्या दोन, तीन, कुठे पाचही रांगा एकावर एक असतात, शिवाय खाली पायांनी वाजवायच्या लाकडी पट्ट्या वेगळ्या. बाजूला खुंट्या असतात. एक ओढली की बासरीसारख्या नळ्या बोलतात, दुसरी ओढली की तुतारीसारख्या. कोणत्या ओळीला कोणत्या खुंट्या ओढायच्या हे ज्याचे त्याने ठरवायचे. एकच मसाला सगळ्या भाज्यांना घातला तर जेवणाऱ्याला काय कळणार? तसेच आहे हे.

आता खरी गोम ऐका. तबला जोराने वाजवता येतो, हळू वाजवता येतो. सतारीची तार जोराने छेडता येते. ऑर्गनची पट्टी जोराने दाबा नाहीतर हळू दाबा, नळी तेवढ्याच आवाजात बोलते. आवाज लहानमोठा करायच्या दुसऱ्या सोयी असतात, पण बोटाच्या जोराला तिथे किंमत नाही. शिवाय सूर आपोआप विरतही नाही. बोट उचलेपर्यंत तसाच उभा राहतो. मग वाजवणाऱ्याच्या हातात उरते काय? केव्हा दाबायचे आणि केव्हा सोडायचे, एवढेच. त्यातही सोडणे अधिक कठीण. दोन सुरांमध्ये केसाएवढी फट ठेवली तर शब्द तुटून स्पष्ट होतो, फट ठेवली नाही तर सूर एकमेकांत मिसळतात. मोठ्या देवळात आवाज घुमत राहतो, तो किती वेळ घुमतो हेही मनात धरावे लागते. त्या वसईच्या मुलीचे अर्धे काम हात उचलण्याचेच होते, ते मला पुष्कळ उशिरा कळले.

ह्या कलेतला सर्वांत मोठा माणूस जर्मनीतला योहान सेबास्टियान बाख. जन्म १६८५, मृत्यू १७५०. त्याची एक गोष्ट मला फार आवडते. तो विशीचा असताना आर्नश्टाट नावाच्या लहान गावी देवळात ऑर्गन वाजवायला नोकरीस होता. दूर ल्यूबेक शहरात बुक्स्टेहूड नावाचे म्हातारे उस्ताद होते. त्यांना ऐकायला म्हणून बाखने १७०५ च्या शरदात चार आठवड्यांची रजा काढली आणि चालत निघाला. अंतर सुमारे ४०० किलोमीटर. आपल्याकडून चालत पनवेलीपर्यंत जावे म्हणा ना. वारकरी जसा जातो तसा गेला, आणि चार आठवड्यांचे चार महिने झाले तेव्हा परतला! परत आल्यावर देवळाच्या वरिष्ठांनी त्याला समोर उभे करून जाब विचारला. रजेचा तर विचारलाच. शिवाय तक्रार केली की तुम्ही प्रार्थनागीतांच्या साथीत इतके नवे नवे सूर मिसळता की लोकांना गाणे सापडेनासे होते.

बाखचे मोठेपण जगाने मान्य केले आहे, पण त्या तक्रारीत मला तथ्य दिसते. चारशे किलोमीटर चालून जे ऐकले ते त्या पोराच्या बोटांत मावत नव्हते. खाली उभ्या असलेल्या माणसांना मात्र आपली ओळ धरायची होती. साथ करणाऱ्याची विद्या वाढली की हा पेच येतोच, आपल्याकडेही येतो.

पुढे बाख लाइप्झिग शहरी गेला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. त्याच्या दुसऱ्या पत्नीचे, आना माग्डालेनाचे, नाव इथे घेतले पाहिजे. ती स्वतः दरबारची पगारी गायिका होती. संसारात पडल्यावर तेरा बाळंतपणे झाली, त्यातून नवऱ्याच्या सूरलिपीच्या नकला ती उतरवून देई. आज ते संगीत आपल्यापर्यंत पोचले त्यात तिच्या हाताच्या नकलांचा वाटा आहे. नवऱ्यामागे दहा वर्षे जगली, आणि १७६० साली गरिबीत वारली. ह्यावर मी अधिक बोलत नाही.

आणखी एका माणसाविषयी कोणी फारसे बोलत नाही. वीज येण्यापूर्वी ऑर्गनचे भाते माणसे हलवीत. मोठ्या ऑर्गनला चारचार, सहासहा माणसे लागत. ती ऑर्गनच्या मागच्या अंगाला, लोकांच्या नजरेआड उभी राहून पायांनी किंवा दांड्यांनी वारा भरीत. वर कितीही मोठा उस्ताद बसला असला तरी मागची माणसे थांबली की सूर गप्प. त्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत.

डोळ्यांनी अधू असलेल्या माणसांनी हे वाद्य फार आपलेसे केले आहे. अंधांची लिपी काढणारे लुई ब्रेल आपल्याला शाळेच्या पुस्तकात भेटले. ते पॅरिसच्या देवळांत ऑर्गन वाजवीत असत, हे मला आत्ता आत्ता कळले. पॅरिसच्याच नोत्र दाम ह्या मोठ्या देवळात १९०० पासून लुई व्हिएर्न हे ऑर्गनवादक होते. त्यांना जवळजवळ दिसत नसे. २ जून १९३७ रोजी तिथेच, वाजवता वाजवता, त्यांचा प्राण गेला.

बायकांविषयीही सांगते. मारी-क्लेर आलँ ह्या फ्रेंच बाई १९२६ साली जन्मल्या, २०१३ साली गेल्या. बाखचे ऑर्गनसाठी लिहिलेले सगळेच्या सगळे संगीत त्यांनी ध्वनिमुद्रित केले, तेही एकदा नव्हे, आयुष्यात तीन वेळा. त्यांचा भाऊ जेआँ हा ऑर्गनसाठी संगीत रचणारा होता. तो १९४० साली २९ व्या वर्षी लढाईत मारला गेला. बहिणीने त्याच्या रचना जन्मभर वाजवल्या आणि जगाला ऐकवल्या. भाऊबीजेची ही एक तऱ्हा!

नोत्र दामचे नाव निघाले म्हणून पुढचे सांगते. १५ एप्रिल २०१९ रोजी त्या देवळाला आग लागली, छप्पर कोसळले, हे आपण बातम्यांत पाहिले असेल. आतला ऑर्गन सुमारे ८००० नळ्यांचा. तो जळाला नाही, पण छपराच्या शिशाची धूळ त्यात भरली. मग तो खोलून, नळ्या साफ करून पुन्हा जोडला. सूर जुळवण्याचे काम रात्री करीत, कारण दिवसा गवंडी आणि सुतार ठोकाठोक करत असत. ७ डिसेंबर २०२४ रोजी देऊळ पुन्हा उघडले, तेव्हा तिथल्या मुख्य धर्मगुरूंनी ऑर्गनला हाक मारून जागे केले. एकदा नाही, आठ वेळा हाक मारली. प्रत्येक हाकेला ऑर्गनने उत्तर दिले. चार वादक पाळीपाळीने बसले होते, आणि प्रत्येकाने आधी लिहिलेले काही न वाजवता त्या क्षणी सुचेल ते वाजवले. पुतण्याने मला हे मोबाइलवर दाखवले तेव्हा घरातली सगळी गोळा झाली होती. सासूबाई लगेच म्हणाल्या, "ह्या तर गाऱ्हाणा गो!" त्यांचे खरे होते. आपल्याकडे एकजण गाऱ्हाणे घालतो आणि बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. तिथे 'व्हय म्हाराजा' ऑर्गन म्हणत होता.

असे ऑर्गन पाहायला परदेशी जायला नको. मुंबईत फोर्टमध्ये सेंट थॉमस कथीड्रल आहे. ते १७१८ साली उघडले. तिकडे जाणारा किल्ल्याचा दरवाजा म्हणून चर्चगेट हे नाव पडले. आपली निम्मी माणसे त्या स्टेशनावर उतरून नोकरीला गेली, पण चर्च कोणते ते क्वचितच कोणी पाहिले असेल. तिथे नळ्यांचा ऑर्गन आहे. गोव्यात तर पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून मुलांना सूरलिपी, गाणे, व्हायोलिन शिकवीत. त्याच शाळांतून शिकलेली माणसे पुढे मुंबईच्या सिनेमाच्या वाद्यवृंदांत बसली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलेच. १९७७ च्या एका सिनेमातल्या गाण्यात त्यांचे नाव आले ते त्यांच्या शिष्याने, प्यारेलाल यांनी, गुरूची आठवण म्हणून घातलेले. पोरे त्या गाण्यावर अजून नाचतात, आणि अँथनी गोन्साल्विस हा खरा माणूस होता हे त्यांना ठाऊक नसते.

आता हा ऑर्गन आपल्या पडवीत कसा आला ते पाहू.

नळ्यांचा ऑर्गन प्रचंड, महागडा, हलवता न येणारा. लहान गावच्या देवळाला तो परवडेना. मग युरोप-अमेरिकेत नळ्यांऐवजी पितळेच्या पातळ जिभांची छोटी वाद्ये निघाली. पॅरिसच्या दबँ नावाच्या कारागिराने १८४० च्या सुमारास हार्मोनियम हे नाव देऊन एक वाद्य काढले. अमेरिकेत अशीच ऑर्गन नावाची वाद्ये हजारोंनी बनू लागली. दोन्ही पायांनी भाता मारून वाजवायची. फरक इतकाच की हार्मोनियममध्ये वारा आतून बाहेर ढकलला जातो, आणि अमेरिकन ऑर्गनात तो बाहेरून आत ओढला जातो, म्हणून ऑर्गनचा सूर अधिक मऊ आणि गोल. मिशनरी लोक ही वाद्ये बरोबर घेऊन हिंदुस्थानात आले. जमिनीवर बसून गाणाऱ्या आपल्या माणसांना पायांची वाद्ये अडचणीची, म्हणून कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एका हाताने भाता मारायची पेटी काढली. म्हणजे पायपेटी आधीची आणि हातपेटी नंतरची. पुष्कळांना हे उलटे वाटते.

मराठी रंगभूमीने मात्र पायांचा ऑर्गन सोडला नाही. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' आणले तिथून संगीत नाटकाचा ओघ सुरू झाला. कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांनी पेटीला मानाची जागा मिळवून दिली; १९११ च्या 'मानापमान' नाटकाच्या चाली त्यांच्याच. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली, तिथे बालगंधर्वांच्या गळ्याला हरिभाऊ देशपांडे यांचा ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी आणि पुढे तिरखवाँसाहेबांचा तबला अशी साथ होती. कर्ज डोक्यावर असतानाही बालगंधर्वांनी साथीत काटकसर केली नाही. देवळातले वाद्य असे नाटकात येऊन बसले. मला त्यात गैर काही वाटत नाही. बालगंधर्वांचे गाणे ऐकायला बसलेला प्रेक्षक काही निराळ्या भावनेने बसत नसेल.

ह्या वाद्याला शत्रूही होते. ऑर्गनचे सूर ठरलेल्या जागी पक्के. आपल्या गाण्यातली मींड, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, त्यावर निघत नाही. परक्या देशाचे, बेसूर करणारे वाद्य म्हणून १९४० च्या मार्चपासून आकाशवाणीने हार्मोनियमला मनाई केली. ती बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडले. इतकी वर्षे रेडिओवर मनाई, आणि इकडे गावोगावच्या भजनांत, कीर्तनांत, नाटकांत तीच पेटी! टीका चुकीची होती असे नाही. मींड निघत नाही हे खरेच आहे. पण कुशल वादक ती निघाल्याचा भास करतो, हेही खरे. गुहागरकडचे गोविंदराव पटवर्धन (१९२५ ते १९९६) पेटीवर नाट्यगीत वाजवू लागले की त्यातले शब्द ऐकू येतात असे जाणकार म्हणत. मीही ऐकले आहे, आणि मला ऐकू येतात. गोव्याच्या बोरी गावचे तुळशीदास बोरकर (१९३४ ते २०१८) हे असेच; त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. आणि परदेशी ऑर्गन मिळेनासे झाले तेव्हा महाकालीच्या आडिवऱ्याचे उमाशंकर दाते यांनी आपल्या कोकणात बसून ऑर्गन घडवला. ज्या वाद्याला परके म्हणून हिणवले ते राजापूर तालुक्यातल्या सुताराच्या हत्यारांनी जन्मले!

नाटकातून आता दशावतारात येऊ, म्हणजे माझ्या घरात.

आमचे सासरे, त्यांना सगळे आबा म्हणत, दशावतारात पायपेटी वाजवायचे. दशावताराला लिहिलेले पुस्तक नसते, हे तुम्हाला माझ्याहून अधिक माहीत. संध्याकाळी आख्यान ठरते, आणि राजा काय बोलेल, राक्षस काय बोलेल, कोण कधी गाणे उचलेल, हे उभे राहिल्यावर सुचते. पायपेटी, मृदंग आणि झांज, एवढ्यावर रात्र काढायची. जत्रेचे दिवस थंडीचे. रात्रभर जागरण, पहाटेचा दहिवर, आणि नटाचे घसे बसलेले. नट कोणत्या सुरात गाणे उचलील ह्याचा नेम नाही. त्याने तोंड उघडल्याबरोबर आबांची बोटे तिथे हवीत.

एक स्त्रीपार्टी करणारे वयस्क नट होते, त्यांना दम लागायचा. तारामतीचा विलाप करताना ओळ अर्ध्यावर तुटायची. आबा तिथे सूर लांबवीत, पायाने भाता इतका हलका करीत की सूर रडल्यासारखा कापे. तेवढ्यात नट श्वास घेई आणि पुढची ओळ उचली. समोरच्या बायका पदर डोळ्यांना लावीत. त्यांना वाटे, तारामतीला हुंदका आला. दम लागला होता हे फक्त दोघांना ठाऊक.

मी त्यांना एकदा विचारले होते, जाहिरातीच्या फलकावर राजपार्टीचे नाव येते, स्त्रीपार्टीचे येते, पेटीवाल्याचे येत नाही, तुम्हाला वाईट नाही वाटत? आबा म्हणाले, "नट चुकलो तर लोकांका कळता. पेटयेन सांभाळल्यान ता कोणाक कळता?" मग थोड्या वेळाने म्हणाले, "गाणा तेचा, वारो आपलो." बायकांना ह्याचा अर्थ फोडून सांगावा लागत नाही. पण वाईट वाटत होते, हे मी त्यांच्या आवाजावरून ओळखले. पुढे एकदा एका गावच्या जत्रेत कोणी त्यांचे नाव पुकारून श्रीफळ दिले. तो नारळ त्यांनी फोडू दिला नाही, देव्हाऱ्याशी ठेवून दिला, सुकून गुडगुड वाजेपर्यंत.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी जत्रेला गेलात, किंवा मोबाइलवर एखाद्या देवळातला ऑर्गन ऐकलात, तर थोडा वेळ गाणाऱ्याला सोडून साथीकडे कान द्या. ओळ संपते तिथे काय होते ते ऐका. साथ गाणाऱ्याला ढकलते आहे, की ओढते आहे, की नुसती खाली उभी आहे? नट चुकला तेव्हा पेटी गप्प बसली की धावून गेली? पायपेटीत तर आणखी एक मजा आहे. मोठ्या ऑर्गनचा वारा दुसरा कोणीतरी भरतो, आता तर विजेचा पंखा भरतो. पायपेटीवाल्याचा वारा त्याच्याच पायांत असतो. त्याला राग आला, तो दमला, त्याचे मन भरून आले, तर ते आधी पायांत उतरते आणि तिथून सुरात.

शेवटी कामाचे बोलते. गेल्या सभेत आपल्या भजनासाठी विजेचा कीबोर्ड घ्यायचा ठराव पुढे आला. त्या वाद्याला मी नावे ठेवत नाही; वसईच्या मुलीच्या हाताखाली विजेचाच ऑर्गन होता. पण वीज आपल्याकडे पावसाळ्यात किती वेळ असते ते आपण जाणता. आबा जाऊन अकरा वर्षे झाली. त्यांची पायपेटी आमच्याकडे आहे, आणि घरच्या सर्वांच्या संमतीने ती मंडळाला द्यायची आमची तयारी आहे. जाणत्या कारागिराला मी दाखवली. खर्जाचे दोन सूर सोडले तर बाकीचे शाबूत आहेत असे तो म्हणाला, भाता मात्र नवा घालावा लागेल. पावसाच्या आधी दिली तर गणपतीपर्यंत तयार होईल.

वाडीतल्या दोन मुली शिकायला तयार आहेत. त्यांच्या घरी कोणी म्हणाले, मुलींनी भाता मारत बसायचे का? आपल्या जिल्ह्यात बायकांचे दशावतार उभे राहिले आहेत, बायका तलवार घेऊन राजपार्टी करताहेत. मी पाहिलेल्या प्रयोगांत पेटीवर मात्र पुरुषच होते. त्या दोघींच्या आयांशी मी बोलले आहे. अध्यक्षीणबाईंनीही एकदा बोलावे, त्यांच्या शब्दाला वजन आहे.

कार्यकारिणीची सभा होईपर्यंत ज्यांना पेटी पाहायची असेल त्यांनी दुपारी तीननंतर आमच्याकडे यावे. ती पडवीत गोणपाटाखाली आहे, उंदीर येतात म्हणून वर पाट ठेवला आहे, तो काढावा. वाजवून पाहायला हरकत नाही. डाव्या पायाची फळी जरा अडकते, ती हलके दाबावी.